विश्लेषण : चार अक्षरे, नऊ उच्चार! इंग्रजीतील 'ओ-यू-जी-एच'चा घोळ आला कुठून?

'टी-ओ-यू-जी-एच' म्हणजे 'टफ'. त्यात 'टी'नंतर एक 'एच' घातला की 'थफ' व्हायला हवे. पण होते 'दो'. त्यापुढे 'आर' घातला की 'थ्रू'. या 'थ्रू'मध्ये 'आर'च्या आधी आणखी एक 'ओ' शिरला की 'थरो'. आणि मघाच्या 'दो'च्या शेवटी 'टी' जोडला की 'थॉट'. पाचही शब्दांत 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरे त्याच क्रमाने येतात, पण उच्चार पाच वेगवेगळे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तर हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात. वर्गात मोठ्याने वाचताना, मुलाखतीत बोलताना किंवा कार्यालयीन ई-मेल लिहिताना अनेक जण इथे अडखळतात आणि आपले इंग्रजी कच्चे असल्याची खूणगाठ मनाशी बांधतात. प्रत्यक्षात हा घोळ वाचणाऱ्याच्या डोक्यात नाही, तो सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी गोठत गेलेल्या लेखनात आहे. तो कसा झाला, इंग्रजीला तो का निस्तरता आला नाही आणि त्यातून वाट कशी काढायची, याचा हा आढावा.

नेमका घोळ काय आहे?

इंग्रजीत 'ओ-यू-जी-एच' ही अक्षरमालिका असलेले रोजच्या वापरातील शब्द पंचवीसच्या आसपास असतील. संख्या मोठी नाही, पण त्यांत 'थ्रू', 'दो', 'थॉट', 'इनफ', 'बॉट', 'ब्रॉट' असे पानोपानी भेटणारे शब्द आहेत. त्यामुळे त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

उच्चारांची यादीच करायची तर ती अशी होते. खडबडीत या अर्थाच्या 'रफ'मध्ये आणि 'टफ'मध्ये ही मालिका 'अफ' होते. खोकल्यासाठीच्या शब्दात 'ऑफ' होते. 'दो' म्हणजे 'जरी' आणि 'डो' म्हणजे मळलेली कणीक, या शब्दांत नुसता 'ओ'. 'थ्रू'मध्ये 'ऊ'. झाडाच्या फांदीला 'बाऊ' आणि नांगराला 'प्लाऊ' म्हणताना 'आऊ'. 'थॉट'मध्ये 'ऑ'. 'थरो'मध्ये शेवटचा स्वर इतका हलका की ब्रिटिश माणूस त्याला 'थरा' म्हणतो आणि अमेरिकी 'थरो'. उचकीच्या एका जुन्या स्पेलिंगात ही मालिका चक्क 'अप' होते. आणि आयर्लंडमधील सरोवरांना 'लॉख' म्हणतात, तिथे तिचा उच्चार होतो 'ऑख'. एकूण नऊ.

विशेषनामांत तर कमाल होते. 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या आडनावाच्या शेवटी हीच चार अक्षरे आहेत. इंग्लंडचा माजी वेगवान गोलंदाज डॅरेन गॉफ याच्या आडनावातही तीच. इंग्लंडमधील लफबरो या विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या नावात ती दोनदा येतात, एकदा 'अफ' होऊन आणि एकदा 'बरो'तला हलका स्वर होऊन. लंडनजवळ भारतीय वंशाची मोठी वस्ती असलेले 'स्लाऊ' नावाचे शहर आहे. तेच स्पेलिंग सापाने टाकलेल्या कातीसाठी वापरले की 'स्लफ' होते आणि अमेरिकेत दलदलीसाठी वापरले की 'स्लू'. म्हणजे इथे मालिकाच नव्हे, आख्खे स्पेलिंग एक आणि उच्चार तीन.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास 'कफ सिरप' मागितले जाते. मूळ इंग्रजी उच्चार 'कॉफ' असा आहे. मराठीत तो 'कफ' झाला, त्याला छातीतला कफ हा आपला ओळखीचा शब्द कारणीभूत असावा. मात्र संस्कृतातून आलेला 'कफ' आणि इंग्रजीतला 'कॉफ' यांचे नाते काही नाही. इंग्रजी शब्द खोकण्याच्या आवाजावरून तयार झाला आहे. साम्य निव्वळ योगायोगाचे.

'जी-एच'चा मूळ उच्चार काय होता?

आज 'जी-एच' ही अक्षरे बहुतेक ठिकाणी मुकी असतात. पण ती कुणी उगाच घातलेली नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तिथे खराखुरा आवाज होता. घशाच्या मागच्या भागात हवा घासून निघणारा हा ध्वनी म्हणजे उर्दूतील 'ख़ुदा' किंवा 'ख़बर' मधला नुक्ता असलेला 'ख़'. स्कॉटलंडच्या 'लॉख'मध्ये आणि जर्मन संगीतकार बाख यांच्या नावात तो आजही ऐकू येतो. आयर्लंडमधील सरोवरांच्या नावांत 'ओ-यू-जी-एच'चा उच्चार 'ऑख' होतो, तेव्हा जुन्या इंग्रजीतल्या त्या ध्वनीचीच आठवण होते.

जर्मन ही इंग्रजीची बहीण. तिने हा ध्वनी टाकला नाही. इंग्रजीत आठला 'एट' म्हणतात, 'जी-एच' लिहितात पण उच्चारत नाहीत. जर्मनमध्ये ते 'आख्ट' आहे. रात्रीला इंग्रजीत 'नाइट', जर्मनमध्ये 'नाख्ट'. मुलीला इंग्रजीत 'डॉटर', जर्मनमध्ये 'टॉख्टर'. इंग्रजीत जिथे मुके 'जी-एच' आहेत, तिथे जर्मनमध्ये अनेकदा आवाज शाबूत आहे.

हा धागा आपल्यापर्यंतही पोहोचतो. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच आदिम भाषेच्या दूरच्या लेकी. 'एट'चा संस्कृत नातलग 'अष्ट', 'डॉटर'चा 'दुहिता' आणि 'नाइट'चा 'नक्त'. दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला आपण 'नक्त' म्हणतो, तोच हा शब्द. 'अष्ट'मधला 'ष्', 'दुहिता'मधला 'ह' आणि 'नक्त'मधला 'क्' यांच्या जागी इंग्रजीत तो घशातला ध्वनी आला होता. आज तो गेला, पण स्पेलिंगमध्ये 'जी-एच'च्या रूपाने त्याची जागा राखून ठेवलेली आहे.

मग 'जी' आणि 'एच' अशी जोडी का लिहिली गेली?

जुन्या इंग्रजीत हा ध्वनी नुसत्या 'एच'ने लिहीत. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच आणि धर्माची व विद्येची भाषा लॅटिन राहिली. इंग्रजी लोकांच्या तोंडी होती, पण तिचे लेखन मागे पडले. पुढे ती पुन्हा कागदावर आली, तेव्हा लिहिणाऱ्यांची सवय फ्रेंच लेखनपद्धतीची होती. घशातल्या त्या ध्वनीसाठी काही जण इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे दिसणारे 'योघ' नावाचे अक्षर वापरत, काही जण 'एच' वापरत, तर काही जण 'जी-एच'. कालांतराने 'योघ' मागे पडले आणि 'जी-एच' टिकले.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे या शब्दांतले स्वर मुळात एक नव्हते. 'डो', 'टफ', 'थ्रू', 'बाऊ', 'कॉफ' हे जुन्या इंग्रजीत निरनिराळ्या स्वरांचे, निरनिराळ्या वळणांचे शब्द होते. लेखनाच्या सोयीत त्यांना 'ओ-यू-जी-एच' हे एकच रूप मिळत गेले. पाच घरांतल्या मुलांना शाळेच्या हजेरीपटावर एकच आडनाव लावावे, तसा हा प्रकार झाला. पुढे मुले आपापल्या वाटेने गेली, आडनाव मात्र सारखेच राहिले.

कुठे 'फ', कुठे मौन, असे का झाले?

साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत दक्षिण इंग्लंडमधील लोकांच्या बोलण्यातून घशातला 'ख़' नाहीसा होऊ लागला. तो दोन वाटांनी गेला. काही शब्दांत तो सरळ गळून पडला. काही शब्दांत त्याच्या जागी 'फ' आला.

'ख़'चा एकदम 'फ' कसा होतो? दोन्ही ध्वनी घर्षणाचे आहेत आणि ऐकायला मंद आहेत. 'उ'सारखा स्वर उच्चारताना ओठ गोल झालेले असतात. अशा स्वरानंतर 'ख़' आला की घर्षण घशाकडून ओठांकडे सरकण्याची शक्यता वाढते. ऐकणारी पुढची पिढी तो आवाज 'फ' म्हणूनच उचलते. 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कॉफ' यांत हेच घडले.

पण हे सगळीकडे सारखे घडले नाही. आपल्याकडे कोस-दोन कोसांवर बोली बदलते, तसेच तिथेही होते. एकाच शब्दाचे एका भागात 'फ'चे रूप आणि दुसऱ्या भागात मुके रूप चालत असे. 'डो' हा शब्द उत्तरेकडच्या काही बोलींत 'डफ' असा उच्चारला जाई. त्यावरूनच तिथल्या उकडलेल्या गोड पुडिंगला आजही 'डफ' म्हणतात. 'इनफ'चेही 'इनाऊ' असे दुसरे रूप होते. सगळ्या भागांतले लोक लंडनमध्ये आले, त्यांच्या बोली मिसळल्या आणि प्रमाण भाषेत कोणत्या शब्दाचे कोणते रूप रुजेल हे वापराने ठरत गेले. 'डो'चे मुके रूप टिकले, 'रफ'चे 'फ'चे रूप टिकले. त्यामागे एखादा नियम शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वरही बदलत होते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट', म्हणजे स्वरांचे महास्थित्यंतर, असे नाव दिले. साधारण १४०० ते १७०० या काळात 'हूस'चे 'हाउस' झाले. 'बाऊ', 'प्लाऊ' आणि दुष्काळासाठीच्या 'ड्राउट' या शब्दांतल्या दीर्घ 'ऊ'चा 'आऊ' झाला, तो याच लाटेत.

बोली बदलली, मग लेखन का नाही बदलले?

कारण मधल्या काळात छापखाना आला. विल्यम कॅक्सटन याने १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. तेव्हा इंग्रजीला एक ठरलेले रूप नव्हते. कॅक्सटननेच १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा नोंदवला आहे. उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याने केंटमधील बाईकडे अंडी मागितली. त्याने 'एगीस' हा शब्द वापरला, तर बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. दुसऱ्या कुणी 'आयरेन' हा तिच्याकडचा शब्द वापरला, तेव्हा तिला कळले. अंड्यासारख्या साध्या वस्तूसाठीही कोणता शब्द छापावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

छापखान्याला स्थिर रूपे हवी असतात. पुढच्या दीड-दोन शतकांत मुद्रकांनी आणि नंतर कोशकारांनी स्पेलिंग स्थिर करत आणली. ती स्थिर होत असताना लोकांच्या तोंडून घशातला 'ख़' निघून चालला होता आणि स्वर जागा बदलत होते. चालत्या माणसाचे छायाचित्र काढावे आणि तो पुढे निघून गेल्यावरही छायाचित्रावरूनच त्याचा पत्ता सांगावा, तशी इंग्रजी लेखनाची गत झाली.

काही शब्द चुकूनही घुसले का?

हो. उचकीसाठीचा 'हिकप' हा शब्द आवाजावरून आलेला, साधा सरळ. पण उचकी म्हणजे खोकल्याचाच काही प्रकार असावा असा समज होऊन त्याला 'कॉफ'चे शेपूट जोडले गेले. उच्चार मात्र 'हिकप'च राहिला. म्हणून 'ओ-यू-जी-एच'चा 'अप' हा उच्चार ऐतिहासिक नाही, तो गैरसमजातून आलेला आहे. आनंदासाठीच्या 'डिलाइट' या शब्दातही असेच घडले. हा शब्द फ्रेंचमधून आला, त्यात 'जी-एच' कधीच नव्हते. प्रकाशासाठीच्या 'लाइट'च्या देखादेखी ते त्यात शिरले.

समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरणारी एक गंमतही याच कुळातली. 'जी-एच-ओ-टी-आय' याचा उच्चार 'फिश' असा होतो म्हणे. 'इनफ'मधला 'जी-एच' म्हणजे 'फ', 'विमेन'मधला 'ओ' म्हणजे 'इ' आणि 'नेशन'मधला 'टी-आय' म्हणजे 'श'. ही कल्पना जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवली जाते. पण शॉ यांच्या जन्माच्या आधी, १८५५ मधल्या एका पत्रातच तिचा उल्लेख सापडतो. शिवाय ती फसवी आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला 'जी-एच'चा उच्चार 'फ' कधीच होत नाही, 'घोस्ट'मधल्यासारखा 'ग'च होतो. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग अवघड आहे, पण अगदीच बेबंद नाही. अक्षरे शब्दात कुठे आली आहेत, यावर बरेच काही ठरते.

स्पेलिंग सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत का?

अनेकदा झाले. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर याने १८०६ आणि १८२८ च्या आपल्या कोशांतून सोप्या स्पेलिंगांचा पुरस्कार केला. नांगराचे अमेरिकी स्पेलिंग आज 'पी-एल-ओ-डब्ल्यू' असे आहे, त्यातले 'जी-एच' गेले. पण जिभेसाठी 'टी-यू-एन-जी' हे त्याचे स्पेलिंग कुणी स्वीकारले नाही.

१९०६ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशांवर अमेरिकेत 'सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड' स्थापन झाले. त्याच्या ३०० शब्दांच्या यादीत 'थ्रू'चे 'टी-एच-आर-यू' आणि 'दो'चे 'टी-एच-ओ' होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑगस्ट १९०६ मध्ये सरकारी छापखान्याला ही स्पेलिंग वापरण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केला आणि रूझवेल्ट यांनी माघार घेतली. 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने १९३४ पासून सोपी स्पेलिंग छापायला सुरुवात केली. 'थ्रू' आणि 'दो' यांची आखूड रूपेही त्यात होती. मुले शाळेत एक शिकत आणि वर्तमानपत्रात दुसरे वाचत. अखेर १९७५ मध्ये तो नाद सोडून देण्यात आला. १९५० मध्ये निधन झालेल्या बर्नार्ड शॉ यांनी तर नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. त्या लिपीत १९६२ मध्ये त्यांचे 'अँड्रोक्लिस अँड द लायन' हे नाटक छापलेही गेले, पण लिपी रुजली नाही.

या अपयशाची कारणे साधी आहेत. एक, इंग्रजीवर हुकूम चालेल अशी कोणतीही एक संस्था किंवा सरकार नाही. दोन, उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कुणाच्या उच्चाराप्रमाणे? लंडनच्या 'थरा'प्रमाणे की न्यूयॉर्कच्या 'थरो'प्रमाणे? उच्चार वेगळे असले तरी लेखन एक आहे, म्हणूनच एकाच स्पेलिंगातले पुस्तक दोन्हीकडे वाचले जाते. तीन, ज्यांना जुने स्पेलिंग येते त्यांना बदलाची गरज वाटत नाही आणि ज्यांना त्रास होतो त्या लहान मुलांना कुणी विचारत नाही.

मराठीने हा प्रश्न कसा सोडवला?

मराठीतही मुकी चिन्हे होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तके उघडली तर 'नांव', 'पांच', 'दांत', 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वारांनी भरलेले लेखन दिसते. हे अनुस्वार निरर्थक नव्हते. 'पञ्च'पासून 'पांच' आणि 'दन्त'पासून 'दांत' आला, त्या मूळ अनुनासिकाची ती खूण होती. हिंदीत 'पाँच' म्हणताना तो नाकातला उच्चार आजही ऐकू येतो. प्रमाण मराठी बोलण्यातून तो गेला, पण लेखनात राहिला. 'नाइट'मधल्या 'जी-एच'ची आणि 'दांत'मधल्या अनुस्वाराची गोष्ट मुळात एकच आहे.

फरक पुढे पडला. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम ठरवले, महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये ते स्वीकारले आणि उच्चार न होणारे अनुस्वार लेखनातून गेले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडून ते १८ झाले. एक महामंडळ, एक शासन आणि एक पाठ्यपुस्तक व्यवस्था असल्याने हे शक्य झाले. मराठी लेखन पूर्ण उच्चारानुसारी आहे असे मात्र नाही. 'चिमणी'तला 'च' आणि 'चाक'मधला 'च' आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकाच अक्षराने. अमराठी माणूस तिथे अडखळतो, तसे आपण 'ओ-यू-जी-एच'पाशी.

मुलांना याची किती किंमत मोजावी लागते?

इंग्रजी आणि इतर १२ युरोपीय भाषांत मुले वाचायला कशी शिकतात, याचा तौलनिक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर बहुतेक भाषांतील मुले ओळखीचे साधे शब्द जवळपास बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडमधील इंग्रजी वाचणारी मुले मात्र जेमतेम एकतृतीयांश शब्द बरोबर वाचू शकली. इंग्रजीत वाचनाचा पाया तयार व्हायला इतर भाषांच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की ही मुले इंग्रजी भाषकच होती.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 'ओ-यू-जी-एच'चे शब्द स्वतंत्र घटक म्हणून नेमलेले आहेत आणि तेही पाचवी-सहावीच्या वर्षांत, म्हणजे नऊ ते अकरा वयाच्या मुलांसाठी. हे इंग्रजीतल्या सर्वांत अवघड स्पेलिंगांपैकी एक आहे, अशी कबुली अभ्यासक्रमातच दिली आहे. शब्द मात्र सरमिसळ करून दिलेले नाहीत, उच्चारानुसार गट पाडून दिले आहेत.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी माध्यमातले मूल अक्षर पाहावे आणि उच्चार करावा हा देवनागरीचा नियम घेऊन इंग्रजीकडे येते. त्याने 'थ्रू'ला 'थ्रो' किंवा 'ड्राउट'ला 'ड्रॉट' म्हटले, तर त्याने तर्कच लावलेला असतो. त्यावर वर्गात हशा पिकला की ते मूल पुढच्या वेळी मोठ्याने वाचतच नाही आणि खरे नुकसान तिथे होते.

मोबाइलमुळे हे लेखन बदलेल का?

काही बदल दिसतात. गाडीत बसून खाद्यपदार्थ घेण्याच्या 'ड्राइव्ह-थ्रू'च्या पाटीवर 'टी-एच-आर-यू' सर्रास दिसते. 'डोनट'मधले 'यू-जी-एच' अनेक दुकानांनी कधीच काढून टाकले. गप्पांच्या संदेशांत 'दो'चे 'टी-एच-ओ' होते. रूझवेल्ट यांना आदेश काढून जे जमले नाही, ते काही प्रमाणात पाट्यांनी आणि संदेशांनी केले.

दुसरीकडे मोबाइलच जुने स्पेलिंग जपतो आहे. चुकीचे टंकले तर तो आपोआप दुरुस्त करतो आणि बोलून टंकले तर पूर्ण स्पेलिंग लिहून देतो. लिहिण्याचा त्रास कमी झाला की बदलाची निकडही कमी होते. मात्र एक धोका उरतो. 'थ्रू', 'दो', 'थरो' आणि 'थॉट' हे चारही शब्द बरोबरच असल्याने एकाच्या जागी दुसरा पडला तर दुरुस्ती यंत्रणेला तो दरवेळी सापडेलच असे नाही. नोकरीच्या अर्जात तो तसाच पुढे जातो.

मग हे शब्द लक्षात कसे ठेवावेत?

सुटे शब्द पाठ करण्याऐवजी गट पाठ करावेत. ते मोजकेच आहेत.

• शेवटी 'टी' असेल तर 'ऑट': 'बॉट', 'ब्रॉट', 'थॉट', 'फॉट', 'सॉट', 'ऑट'. यांतले बहुतेक शब्द क्रियापदांचे भूतकाळ आहेत. रोजच्या वापरातला एकच अपवाद म्हणजे दुष्काळासाठीचा 'ड्राउट'. कोरडेपणासाठीच्या 'ड्राय'चा हा नातलग, म्हणून त्याची सुरुवातही 'डी-आर'ने. 'बॉट' आणि 'ब्रॉट'मध्ये गोंधळ होत असेल तर मूळ क्रियापद पाहावे. 'बाय'मध्ये 'आर' नाही, म्हणून 'बॉट'मध्येही नाही. 'ब्रिंग'मध्ये आहे, म्हणून 'ब्रॉट'मध्येही आहे.

• 'अफ': 'रफ', 'टफ', 'इनफ'. तिघे एकत्र लक्षात राहतात.

• 'ऑफ': 'कॉफ' म्हणजे खोकला आणि 'ट्रॉफ' म्हणजे जनावरांची गव्हाण. पावसाळ्यात हवामानाच्या बातम्यांत येणारा 'कमी दाबाचा पट्टा' म्हणजेही 'ट्रॉफ'.

• 'ओ': 'दो', 'ऑलदो', 'डो'.

• 'ऊ': 'थ्रू' आणि त्याची जोडरूपे, 'थ्रूआउट', 'ब्रेकथ्रू'.

• हलका शेवट: 'थरो', 'बरो' आणि अ‍ॅटनबरोसारखी नावे.

• 'आऊ': 'बाऊ', 'प्लाऊ'.

उचकीचे स्पेलिंग 'हिकप' असेच सरळ लिहावे, तेही शुद्ध मानले जाते. विशेषनामांना नियम लावू नये, ती ऐकूनच शिकावीत. मोबाइलवरील बहुतेक शब्दकोशांत शब्दाशेजारी ध्वनिवर्धकाचे चिन्ह असते. नवा शब्द भेटला की ते एकदा दाबून ऐकावे आणि तो कोणत्या गटात बसतो ते ठरवावे. पालक आणि शिक्षकांनी मुलांना 'हे असेच असते' असे सांगून गप्प करण्यापेक्षा, तिथे पूर्वी एक आवाज होता आणि तो आता गेला, एवढे जरी सांगितले तरी मुकी अक्षरे त्यांना कमी परकी वाटतील. आणि एखादा उच्चार चुकलाच, तर तेवढा शब्द दुरुस्त करून पुढे वाचावे. पंचवीस शब्दांसाठी आख्ख्या इंग्रजीचा 'बाऊ' करण्याचे कारण नाही.